राहून गेलेली रेघ

पाचशे रेकॉर्डी छापून आल्या, घरातली सगळी शिकलेली माणसं त्यांच्यावरून कौतुकानं हात फिरवून गेली, आणि चूक सापडली ती आ-बूला, म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या आईला, जिला सगळं ल्याव घराणं लग्नाच्या दिवसापासून अडाणी समजत आलं होतं.

तसं बघितलं तर ते खोटंही नव्हतं. आ-बू, म्हणजे ल्याव किम-की, वय वर्षं एकोणऐंशी, दोन इयत्तांच्या पुढे गेल्या नव्हत्या. दुकानाची पाटी, बसचा फलक, मतपत्रिका, सगळं दुसऱ्यानं वाचून दाखवावं लागे. पण लहानपणी त्यांची आई त्यांना दर रविवारी चर्चमध्ये न्यायची, आणि तिथे पाद्र्यांनी आपल्या बोलीसाठी बसवलेली रोमन अक्षरं त्या भजनं म्हणता म्हणता शिकल्या होत्या. पुढे लग्न होऊन त्या उदबत्त्या लावणाऱ्या घरात आल्या. भजनाचं पुस्तक ट्रंकेत गेलं, अक्षरं मात्र डोक्यात राहिली. साठ वर्षं त्यांचा कुणाला काही उपयोग नव्हता.

चंद्राच्या सणाची दुपार होती. चार वाजले असतील. तैवानातल्या शीलुओ गावात प्रत्येक दारापुढे निखारे फुललेले होते, तसे ल्यावांच्या अंगणातही होते. फरक एवढाच, की या अंगणात माणसं कमी आणि रांजण जास्त. अकरा ओळी, सॉसचे सहाशेच्या वर रांजण, पोटात काळे सोयाबीन, वर मिठाचा जाड थर, त्यावर झाकण. आ-बू वेताच्या खुर्चीत बसून पपनस सोलत होत्या. नात पिन-रोंग शेगडीवरचं मांस परतत होती, आणि एका हातानं तिनं नव्या रेकॉर्डचं कव्हर आजीच्या मांडीवर ठेवलं. काळ्या मातीच्या रंगावर पांढरी दोनच अक्षरं होती, एक आय आणि एक एम. चांगली पंज्याएवढी.

"इम्," आ-बूंनी वाचलं, सरळ आवाजात. मग चष्मा कपाळावर सरकवला. "आवाज? कुणाचा आवाज?"

"आवाज नाही गं, आ-मा. इम्." पिन-रोंगनं स्वर नीट खाली सोडला. "झाकून मुरवायचं ते. आपल्या सॉसचं."

"मग रेघ कुठाय?"

पिन-रोंगच्या हातातला चिमटा तसाच राहिला.

आपल्या बोलीत स्वर हलला की शब्द बदलतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. 'इम्' सरळ म्हटलं तर आवाज. खाली सोडून म्हटलं तर झाकून मुरवणं. आणि गेलेली वडीलधारी माणसं मुलानातवंडांवर सावली धरून राहतात, त्यालाही तोच शब्द. आ-बूंच्या धाकट्या मुलानं, आ-ल्योंगनं, आपल्या बँडच्या रेकॉर्डसाठी हे नाव निवडलं ते या दोन अर्थांसाठी. आणि स्वर खाली सोडायचा हे सांगणारी खूण केवढी, तर आयच्या टिंबाच्या जागी वरून खाली येणारी एक तिरपी रेघ. पहिल्या नमुन्यात ती होती. मग पिन-रोंगनं अक्षरं मोठी केली, मग कागद बदलला, मग काळा रंग कुठला याच्यावर तीन आठवडे घातले, आणि त्या गडबडीत रेघ कधी गळली ते तिलाही सांगता आलं नसतं.

आ-बूंना नातीची दया आली, पण गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या म्हणाल्या, छान झालं, आता पाचशे माणसांना सांगा की ही रेकॉर्ड घ्या, हिचं नाव आवाज. उद्या आपणही बाटल्यांवर नुसतं 'सॉस' लिहू, कंपनीचं नाव कशाला हवं. पिन-रोंग रडकुंडीला आली तेव्हा त्यांनी पपनसाची सगळ्यात मोठी फोड तिच्या तोंडात कोंबली. "तुझ्या काकाला कळू दे आधी," त्या हळूच म्हणाल्या. "बापाला मग."

पण पिन-रोंग धास्तावली होती ती नुसत्या रेघेमुळे नव्हे. त्या रेकॉर्डच्या आत आणखी एक गोष्ट झाकलेली होती, आणि ती तिच्या बापाची होती.

आ-खुन, म्हणजे पिन-रोंगचा बाप आणि ल्यावांचा थोरला, रोज सकाळी चहाच्या आधी अकराच्या अकरा ओळी हिंडतो. प्रत्येक रांजणावर मधल्या बोटाचं पेर दोनदा ठोकतो, कान देतो, पुढे जातो. चांगला रांजण खणखणतो, तडा गेलेला थप्प बोलतो, आणि आत माल मुरत चालला की रांजणाचं उत्तर दिवसागणिक खाली उतरत जातं. हे त्याच्या बापानं त्याला शिकवलं. चाल मात्र त्याची स्वतःची. कुठे दोन ठोके लगोलग, कुठे मध्ये श्वासाएवढी जागा, वळणावर एक रिकामा. गेल्या मार्चमध्ये चार सकाळी आ-ल्योंग आणि पिन-रोंग यांनी रांजणांच्या मागे माइक लपवून ते सगळं टिपलं. आणि रेकॉर्डवरच्या नऊही गाण्यांच्या तळाशी, जिथे बेस गिटार असायला हवी तिथे, ते ठोके घातले. न विचारता. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता; पंचवीस वर्षं तो तेच म्हणत होता.

कारण आ-ल्योंगच्या 'वादळाची अर्धी सुट्टी' या बँडची बेस एके काळी आ-खुनच वाजवत असे. दोन वर्षं वाजवली. मग त्या शरद ऋतूत तो मोठा भूकंप झाला, दोनशे रांजण फुटले, खारं पाणी रस्त्यापर्यंत वाहत गेलं, आणि महिन्याच्या आत बापाला झटका आला. आ-खुननं बेस पेटीत घातली, पेटी माळ्यावर टाकली आणि बापाचे रबरी बूट पायात चढवले. त्यानंतर बँडच्या चार रेकॉर्डी निघाल्या. त्यानं एकही ऐकली नाही. रागानं नाही, भांडून नाही. वेळ नाही म्हणायचा, एवढंच.

बँडनं दुसरा बेसवाला घेतला नाही. तिघेच वाजवत राहिले. प्रत्येक रेकॉर्डच्या मागे वाजवणाऱ्यांची नावं छापताना 'बेस' हा शब्द यायचाच, आणि त्याच्यापुढे जागा कोरी. तैपेईतल्या कुणा शहाण्यानं एकदा लिहिलं होतं, की बेस टाळणं हे या बँडचं धाडसी कलाविषयक व्रत आहे. ढोलवाला आ-प्याव ते कात्रण पाकिटात ठेवून फिरतो आणि चार घोट पोटात गेले की वाचून दाखवतो. व्रत कसलं, एका खुर्चीवर रुमाल टाकून ठेवला होता पंचवीस वर्षं. बँडला नाव मिळालं नाही ते बहुधा त्यामुळेही असेल. एका जलशात त्यांना दुपारी बाराची वेळ मिळाली होती, सगळे डबे खायला गेले, समोर एक कुत्रं आणि आ-प्यावची बायको. पण जे कुणी त्यांचे चाहते आहेत ते जीव टाकतात, आणि नऊ वर्षांनी येणारी ही पाचवी रेकॉर्ड शनिवारी ताइचुंगच्या एका छोट्या हॉलमध्ये त्यांच्या हाती पडायची होती.

आणि आ-ल्योंगनं शपथ घेतली होती. शनिवारच्या आधी थोरल्यानं ती ऐकायची. तो नको म्हणाला, तर पाचशेच्या पाचशे शेडमध्ये पडून राहतील. आ-प्यावनं यावर दिलेल्या शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत, पण हो म्हणाला.

*

आ-ल्योंग आला तो डिलिव्हरीची व्हॅन घेऊन. सकाळी तो भावाच्या बाटल्या पोचवतो, दुपारी शाळेच्या मुलांना गिटार शिकवतो, आणि बावन्नाव्या वर्षी केस मागे बांधतो, ज्याबद्दल आ-बूंना रोज काही ना काही नवीन सुचतं. आज त्यांनी विचारलं, की अंबाडा कुणाकडून घालून घेतलास, चांगला घट्ट बसलाय. त्यानं हसत हसत खोका खाली ठेवला, पुतणीचं तोंड बघितलं, कव्हर बघितलं, आणि त्याच खोक्यावर बसला.

तो तिला एका शब्दानं बोलला नाही, हे त्याचं चांगलं. तिला मात्र बोलला असता तर बरं वाटलं असतं. कव्हरं परत छापायला न्यायची तर शनिवार गेला. पांढरा पेन लावून बघितला, तो कागदावर फिसकटला. चिकटपट्टीची रेघ लावली तर ती जखमेवरच्या पट्टीसारखी दिसायला लागली. शेवटी आ-ल्योंग म्हणाला, जाऊ दे तशीच, आमच्या बँडचं नाव लोक आजवर नीट घेत नाहीत, रेकॉर्डचं कशाला घेतील. तो हसला, पण त्याच्या हसण्यात काही दम नव्हता.

हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून ग्योक-लान बघत होती. आ-खुनची बायको. या घरात दोन भावांचं काही निघालं की ती डोळे मिटून नवऱ्याच्या बाजूला उभी राहते, ही सत्तावीस वर्षांची रीत. धाकट्या दिरानं व्हॅनला खरचटवलं, धाकट्या दिरानं बाटल्या चुकीच्या दुकानात टाकल्या, धाकटा दीर गाण्यापायी लग्नाचं विसरला: ग्योक-लानकडे यादी तयार असते. त्यामुळे ती तांदळाच्या शेवयांचं पातेलं घेऊन बाहेर आली आणि खोक्याजवळ थांबली, तेव्हा आ-ल्योंग बोलणी खायच्या तयारीनंच उठून उभा राहिला.

"मार्चमध्ये झाडताना मला वायर सापडली होती," ती हळू आवाजात म्हणाली. "नवव्या ओळीत. मी पाल्यानं झाकून ठेवली."

आ-ल्योंग पुन्हा खोक्यावर बसला.

तिनं पातेलं टेबलावर ठेवलं आणि पदार्थाबद्दल सांगावं तशा सुरात सांगितलं, की हा माणूस जेवताना वाडग्याच्या कडेवर काड्या वाजवतो. गाडी चालवताना स्टिअरिंगवर वाजवतो. बापाच्या वर्षश्राद्धाला उदबत्ती धरून उभा होता तर अंगठा चालू होता. तिनं कधी विचारलं नाही, त्यानं कधी सांगितलं नाही. "मी जन्मभर त्याची बाजू घेतली," ती म्हणाली. "आज पण त्याचीच घेतेय. ऐकवा त्याला."

आता राहिल्या आ-बू. त्यांना काय चाललंय हे कुणी सांगितलं नव्हतं, पण घरातली तीन माणसं एका खोक्याभोवती कुजबुजतात याचा अर्थ न कळण्याइतक्या त्या साध्या नव्हत्या. त्यांनी नातीला जवळ बोलावलं, मनगट धरलं, आणि सगळं काढून घेतलं. ऐकून झाल्यावर काही वेळ पपनसाचं साल बोटांनी दाबत बसल्या. त्यांना आठवली ती माळ्यावर टाकलेली पेटी. थोरल्यानं ती वर चढवली तेव्हा शिडी त्यांनीच धरली होती. 'राहू दे ना खाली' एवढं म्हणायचं मनात होतं, पण घरात आजारी नवरा होता, अंगणात फुटके रांजण होते, आणि त्या म्हणाल्या नाहीत. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नव्हतं, नातीलाही सांगितलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "रांजणांवर आकडे कोण घालतं आपल्याकडे?"

*

आ-खुन शेडमधून हात पुसत आला तेव्हा त्याला लगेच कळलं, की आपल्याविरुद्ध काहीतरी शिजलंय. बायको त्याच्याकडे बघत नव्हती. मुलगी जास्त बघत होती. भाऊ चक्क मांस परतत होता, जे त्यानं जन्मात केलं नव्हतं. आणि आई गोड बोलत होती, हे तर सगळ्यात वाईट.

कव्हर पुढे आलं. चूक सांगितली गेली. आ-खुननं ते लांब धरलं, जवळ धरलं, आणि अपेक्षेप्रमाणे तोंड सोडलं. आपली चांगली चिनी अक्षरं सोडून पाद्र्यांची घेतली की हे होणारच, म्हणाला. एवढा खर्च करून मुलीला तैपेईत शिकवलं आणि तिची चूक काढली कुणी, तर दुसरी पास आईनं. आ-बूंनी मान डोलावली आणि त्याला म्हणाल्या, दुसरी पास नाही, दुसरीत नापास, उगीच मोठेपणा देऊ नकोस.

मग त्यानं अंगठा अक्षरांवरून फिरवला. "शनिवारी द्यायच्यात?" त्यानं विचारलं. आ-ल्योंग हो म्हणाला.

"चुकीचं लेबल लागलेली वस्तू या अंगणातून बाहेर जात नाही," आ-खुन म्हणाला आणि रंगाचा डबा आणायला गेला.

रांजणांवर आकडे घालायचा तो लाल रंग. ऊन, पाऊस, वादळ, कशानं न जाणारा. एक रांजण उपडा घातला, त्याच्यावर फळी टाकली, आणि आ-खुन स्टुलावर बसला. पिन-रोंग एकेक कव्हर समोर सरकवणार, ग्योक-लान रंगवलेलं उचलून रांजणांच्या झाकणांवर वाळत घालणार, आ-ल्योंग पुढचा खोका फोडणार. आ-खुननं पहिली रेघ ओढली. टिंबावर ब्रश टेकला, तिरपा खाली आणला, उचलला. झालं. काळ्यावर पांढरं, पांढऱ्यावर लाल. पिन-रोंगला मनातून कबूल करावं लागलं, की हे तिच्या मूळ नमुन्यापेक्षा चांगलं दिसतंय. तिनं ते तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

चाळीसेक कव्हरं झाली असतील. आ-बूंनी खुर्ची जवळ ओढून घेतली आणि म्हणाल्या, काम चाललंय तर काहीतरी लावा. पिन-रोंगचं रेकॉर्ड वाजवायचं यंत्र ओसरीत तयारच होतं.

आ-खुनचा ब्रश थांबला. रेडिओ लावा, तो म्हणाला.

"रेडिओवर सगळीकडे तीच ती चंद्राची गाणी," आ-बू म्हणाल्या. "माझा मुलगा नऊ वर्षांनी काही करून आलाय. माझे कान आता राहिलेत किती. मला ऐकायचंय. तू नको ऐकूस, तू रेघा ओढ."

आ-खुननं खांदे उडवले आणि ब्रश डब्यात बुडवला.

*

सुई टेकली. आधी थोडी खरखर, मग आ-ल्योंगची गिटार, सकाळी दार उघडताना कुरकुरावी तशी सावकाश. आणि तिच्या खालून, टक्-टक्. थोडी जागा. टक्. टक्-टक्.

आ-ल्योंग खोक्याला टेकून उभा होता. तो भावाच्या तोंडाकडे बघत नव्हता, नुसतं हाताकडे. हात चालू होता. टिंब, तिरपी रेघ, उचल. पुढचं. त्या हाताला गाणं ऐकू येत होतं की नाही, कळायला मार्ग नव्हता. पहिलं गाणं संपलं. दुसरं सुरू झालं, त्यात आ-प्यावचा ढोल जोरात होता, आणि तरी खाली ते ठोके नीट ऐकू येत होते, एका मागून एक रांजण, मिठाखालून उत्तर देणारा. तिसऱ्या गाण्यात आ-ल्योंग वडिलांबद्दल गात होता, पण वडील हा शब्द न घेता. ग्योक-लान ओलं कव्हर हातात धरून उभी राहिली होती आणि लाल रंग तिच्या अंगठ्याला लागला होता.

आ-बूंनी डोळे मिटले होते. झोपल्या असं वाटलं असतं, पण त्यांचा पाय हलत होता.

पहिली बाजू संपली आणि रेकॉर्ड नुसती फिरत राहिली.

"उलटी कर," आ-खुन मान वर न करता म्हणाला.

पिन-रोंग धावली आणि शेगडीवरचं मांस उलटं केलं. खालची बाजू कोळसा झाली होती.

"मांस नाही गं बाई," तिचा बाप म्हणाला. "रेकॉर्ड."

आ-बूंच्या तोंडातून हसू फुटलं, ते त्यांनी पपनसात दडवलं. रेकॉर्ड उलटली गेली. दुसरी बाजू वाजली, सबंध, चारही गाणी. शेवटच्या गाण्यात शेवटी सगळी वाद्यं एकेक करून थांबतात आणि नुसते ठोके उरतात, सकाळच्या अंगणातून दूर दूर जाणारे, अकराव्या ओळीच्या टोकापर्यंत. तिथे एक खोकला ऐकू येतो, आणि कुणीतरी रबरी बूट जमिनीवर आपटून चिखल झाडतं. संपतं.

आ-खुननं ब्रश डब्याच्या कडेला टेकवला. ऊन उतरलं होतं, रांजणांच्या सावल्या एकमेकींत मिसळल्या होत्या आणि सगळ्या झाकणांवर लाल रेघा वाळत पडल्या होत्या.

आ-ल्योंग पुढे झाला. इतके महिने त्यानं हे वाक्य व्हॅनमध्ये एकट्यानं म्हणून बघितलं होतं, तरी ते धड बाहेर आलं नाही. "आ-ह्या," तो म्हणाला. धाकटे भाऊ थोरल्याला म्हणतात तसं, पण त्यानं ते बऱ्याच वर्षांनी इतकं हळू म्हटलं होतं. "ते ठोकणं तुझं आहे. मी विचारलं नाही. चुकलं माझं. तू नको म्हण, यातली एकही बाहेर जाणार नाही."

"मी पण होते, पा," पिन-रोंग म्हणाली.

आ-खुननं बोटाला लागलेला रंग चिंधीनं पुसला. एक बोट, मग दुसरं.

"चौथ्या गाण्यात एक थप्प बोलतो," तो म्हणाला. "सातव्या ओळीतला. मे महिन्यात फुटला तो. मी टाकून दिला."

पिन-रोंगनं सातव्या ओळीकडे बघितलं.

"पहिल्या दिवशी मला वायर दिसली नव्हती," आ-खुन पुढे म्हणाला. "दुसऱ्या दिवशी दिसली. मग तीन दिवस मी नीट वाजवलं. वळणावर कुठे जागा सोडायची, ते रात्री पडल्या पडल्या ठरवून वाजवलं. आणि तुम्ही घेतलंत काय, तर पहिल्या दिवसाचं."

ग्योक-लाननं हातातलं कव्हर खाली ठेवलं. "म्हणजे तुला माहीत होतं?"

"पाला कुणी टाकला तेही माहीत होतं." त्यानं बायकोकडे बघितलं, आणि ती पंचविशीतल्यासारखी लाजली. "आज एकशे ऐंशी दिवस झाले. रांजणसुद्धा तेवढ्यात उघडतो आपण. मी वाट बघतोय, या घरात कुणीतरी तोंड उघडेल म्हणून."

आ-ल्योंग हसायला गेला आणि डोळे भरून आले, आणि त्यानं ते लपवायचं सोडून दिलं. "पहिल्या दिवशी तू वाजवत नव्हतास, आ-ह्या," तो म्हणाला. "नुसता चालत होतास. तेच हवं होतं मला. दुसऱ्या दिवसापासून तू पुन्हा स्टेजवर गेलास. मला वाटलं, याला काय झालं एकदम."

आ-खुन यावर विचार करत बसला. हे त्याला पटलं नव्हतं, हे सगळ्यांना दिसत होतं. पण ते खोडताही येत नव्हतं, हेही दिसत होतं.

"आणि आ-प्याव अजून मागेच पडतो," तो शेवटी म्हणाला. "दुसऱ्या गाण्यात. तेव्हाही पडायचा. त्याला सांग, रांजण थांबत नाहीत त्याच्यासाठी."

आ-बू म्हणाल्या, वा, म्हणजे दोन माणसं चोरून टिपतायत, एक बाई चोरून झाकतेय, एक बुवा चोरून वाजवतोय, आणि या घरात अडाणी कोण तर मी. पिन-रोंगनं जाऊन बापाच्या पाठीवर डोकं टेकवलं. त्यानं तिला हटकलं नाही, फक्त रंगाचा डबा लांब सरकवला, तिच्या केसांना लागू नये म्हणून.

"पुढच्या वेळी वायर लपवू नका," तो म्हणाला. "पाय अडकतो."

पुढच्या वेळी, हे दोन शब्द आ-ल्योंगनं ऐकले आणि पुतणीनंही ऐकले. दोघांनी एकमेकांकडे बघायचं कटाक्षानं टाळलं.

आ-खुननं पुढचं कव्हर ओढलं, आयवरची रेघ घातली. मग, वाळत टाकायला बायकोकडे द्यायच्या ऐवजी, ओल्या रंगाला धक्का न लावता त्यानं ते हातातच उलटं केलं आणि मागची बाजू वाचायला लागला. गिटार आणि गाणं, ल्याव थ्याम-ल्योंग. ढोल, आ-प्यावचं पूर्ण नाव. बाजाची पेटी, तिसऱ्याचं. मग बेस. आणि त्याच्यापुढे कोरी जागा, चार रेकॉर्डींवर होती तशीच.

"हेही राहिलंय," तो म्हणाला.

त्यानं ब्रशचं टोक डब्याच्या कडेवर बारीक करून घेतलं आणि त्या जागेत एक अक्षर काढलं. पाद्र्यांचं नव्हे, आपलं, जुनं, आठ रेघांचं. रांजणांवरच्या आकड्यांसारखं ठसठशीत.

आ-बूंनी मान पुढे काढली. डोळे बारीक केले, कव्हर सरळ धरून बघितलं, वाकडं धरून बघितलं. आख्ख्या घराची चूक काढणाऱ्या बाईला हे एक अक्षर वाचता येत नव्हतं.

"काय लिहिलंस ते?"

"नाव," आ-खुन म्हणाला.

"कुणाचं?"

त्यानं पुढचं कव्हर समोर घेतलं.

"बेस वाजवतो त्याचं."